साताऱ्यात केलेली परदेशाची तालीम

सहलीचा तक्ता फ्रिजवर लागला तेव्हा मी तो चष्मा लावून वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. सहा दिवस, सहा रांगा. प्रत्येक रांगेत सकाळी एकच गोष्ट लिहिलेली. कुठे समुद्र, कुठे पक्षी, एका ठिकाणी नुसतंच बोट. आणि दुपारचा चौकोन सगळ्या रांगांत कोरा.

मी सुनेला विचारलं, "अगं, दुपारचं लिहायचं राहिलं का?"

"नाही आई. दुपारी काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काहीच नाही. मुलं झोपणार, आपण आराम करणार. सगळ्यांनी. तुम्हीसुद्धा."

आमची सून मोजकं बोलते. मिरजेच्या एका दवाखान्यात, गुडघ्याचं नाहीतर खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना ती पुन्हा चालायला शिकवते. दिवसभर लोकांना धीर देऊन घरी येते तेव्हा तिच्याकडचे शब्द संपलेले असतात, असं मी आपलं समजत होते. थोरली नात साडेतीन वर्षांची, धाकटा नातू दीड वर्षाचा, आणि पहिल्या बाळंतपणापासून आजवर या मुलीला सलग चार दिवसांची सुट्टी म्हणून मिळालेली नाही. तेव्हा तिने स्वतः होऊन मलेशियातल्या एका बेटावर जायचं काढलं, तर मी कशाला मोडता घालू? मी फक्त विचारत होते. मला विचारल्याशिवाय राहवतच नाही.

कारण मला ते खरंच कळत नव्हतं. आमच्या वेळी घर सोडून जायचं तर काहीतरी निमित्त लागायचं. कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाचं आजारपण. नाहीतर औंधला यमाईच्या दर्शनाला, तेही वळकटी, स्टोव्ह आणि शेजारची चार माणसं घेऊन. तिथून परत आल्यावर आठवडाभर पाय दुखायचे आणि त्यालाच आम्ही सहल झाली म्हणायचो. काही काम नसताना, काही करायला नको म्हणून मुद्दाम विमानात बसून जायचं, हे मला नवीन होतं. त्या कोऱ्या चौकोनांकडे मी येता-जाता बघत असे.

मुलांना तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाई आमच्याकडे थोरलीच्या वेळेपासून येतात. नदीपलीकडच्या गावातून येतात, आणि धाकटा आता पळायला लागला तरी त्यांचं येणं काही सुटलेलं नाही. त्यांनाही मी सांगितलं.

"कुटं निगालाय म्हनं?"

"मलेशियाला."

"तितं कोन हाय तुमचं?"

"कुणी नाही."

"मग लगीन हाय व्हय कुनाचं?"

"नाही हो."

"देव?"

"देव असतील तिथलेही. पण आपण देवाला नाही चाललो."

धाकट्याच्या पाठीवरचा त्यांचा तेलाचा हात थांबला. "कुनी न्हाई, लगीन न्हाई, देव न्हाई. मग आवं, एवड्या लांब जाऊन करायचं काय?"

"आराम."

"आराम तर तुमी हितंबी लय करताय की."

आणि हसत हसत त्या त्याला उलटा करून पोटाला तेल लावत राहिल्या.

मुलाने मग मला घड्याळाचं समजावलं. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असतं. मी म्हटलं, मोठ्यांना हातातलं घड्याळ फिरवता येतं, पण धाकट्याच्या पोटाला कोण सांगणार की बाबा रे, आता अडीच तास आधी भूक लागू दे? त्यावर सून म्हणाली, सांगायचंच नाही. मुलांना तिथेही सांगलीच्या वेळेवरच ठेवायचं. ती इथे साडेसहाला उठतात, तिथे नऊला उठतील. इथे एकला झोपतात, तिथे साडेतीनला झोपतील. फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही. मला हे फार आवडलं. परदेशात जायचं आणि सांगली पोटात घेऊन जायची. म्हणजे बेटावर आपण पाच माणसं तेवढी सांगलीत असणार आणि बाकी सगळे मलेशियात.

मेतकूट, नाचणीचं सत्त्व, भात शिजवायचं छोटं भांडं, सगळं यादीत चढलं. माझाही पासपोर्ट आला. त्यातल्या फोटोत मी कुणावर तरी रागावल्यासारखी दिसते. सगळं जमत आलं होतं. अडलं ते झोळीपाशी.

झोळी म्हणजे काय ते नव्या पिढीसाठी सांगते. मऊ झालेलं जुनं सुती लुगडं दुहेरी करायचं, वर छताच्या कडीला बांधायचं, खाली बाळाला निजवायचं आणि दोरी धरून झोका द्यायचा. कापड चहूबाजूंनी मिटतं. बाळ आत शेंगेतल्या दाण्यासारखं बसतं. थोरली वर्षभरात झोळीतून बाहेर पडली, पण धाकटा काही पडेना. दीड वर्षाचा झाला, वजन वाढलं, कडी कुरकुरायला लागली, तरी दुपारी याला झोळीच हवी. रात्री खेळून, दमून कुठेही झोपायचा. दुपारची झोप मात्र झोळीशिवाय नाही. आणि दुपारी झोपला नाही की संध्याकाळी तो अख्खं घर डोक्यावर घ्यायचा, जेवायचा नाही, थोरलीला चावायचा. सहा दिवस असं चाललं तर आराम कुठला.

आणि ही सवय लावली कुणी? मी. सुनेने त्याच्या जन्माआधी चांगला कठड्याचा लाकडी पलंग आणून ठेवला होता. ती कामावर रुजू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात मी कडीला लुगडं बांधलं. पलंगात मग धुतलेल्या कपड्यांचा ढीग राहायला लागला. तिने तेव्हाही काही म्हटलं नव्हतं.

मुलाने बेटावरच्या हॉटेलला ईमेल पाठवून विचारलं, तुमच्या खोलीत छताला कडी आहे का? दोन दिवसांनी उत्तर आलं. कडी नाही, पण तुम्हाला ती व्यायामासाठी हवी असेल तर आमच्याकडे व्यायामशाळा आहे. आम्ही खूप हसलो. सून हसली नाही. ती म्हणाली, "पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं रद्द करता येतं. त्याआधी तो झोळीशिवाय दुपारी झोपला, तर जायचं. नाही झोपला, तर मी रद्द करणार. तिथे जाऊन रोज रडणाऱ्या मुलाला घेऊन फेऱ्या मारायच्या, तर त्या इथेही मारता येतात."

एवढं सलग ती सहसा बोलत नाही. मला आत कुठेतरी टोचलं. हिची चार वर्षांनी आलेली सुट्टी माझ्या लुगड्याला टांगलेली होती.

मुलगा म्हणाला, तालीम करू. आम्ही सांगलीची माणसं, तालमीशिवाय पडदा वर गेलेला आम्हाला चालत नाही. घरी झोळी डोळ्यांसमोर असते, म्हणून दुसऱ्या गावी जायचं, हॉटेलात राहायचं, आणि शुक्रवार ते रविवार परदेशात असल्यासारखं वागायचं. सकाळी एक गोष्ट, दुपारी काही नाही. गाव त्याने निवडलं सातारा. जेमतेम अडीच तासांची वाट, पोरांना प्रवासाचीही सवय होईल.

मी म्हटलं, "छानच. मामाकडे जाऊन येऊ."

"नाही आई. परदेशात मामा नसतो."

आता बघा, सातारा माझं माहेर. राजवाड्यामागच्या गल्लीत थोरला भाऊ आणि वहिनी राहतात. आजवर साताऱ्याच्या हद्दीत पाय टाकून मी त्यांच्याकडे गेले नाही असं एकदाही झालेलं नाही. आणि आता त्याच गावात हॉटेलात उतरायचं, न कळवता. पण मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. वहिनींकडे गेलं की धाकट्याला कुणी मांडीवर घेईल, कुणी कडी शोधून देईल, मग तालीम कसली? मी कबूल झाले.

हॉटेलात शिरल्यावर तिथल्या मुलीने मला विचारलं, "आजी, साताऱ्यात पहिल्यांदाच आलात का?"

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "हो."

तिने मला कंदी पेढे कुठे चांगले मिळतात ते सांगितलं. राजवाड्याकडे रिक्षा कुठून मिळते तेही सांगितलं. मी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं. गंमत म्हणजे मला ते खरोखर नवीन वाटायला लागलं. आपल्याच गावाची वाट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मजा येते. एरवी मी तिचं बोलणं मधेच तोडून माझं सांगायला लागले असते.

झोप मात्र परदेशीच निघाली. शुक्रवारी दुपारी एकला पडदे ओढले, पंखा हळू केला, थोरलीला चित्रांचं पुस्तक देऊन गप्प बसवलं. सगळे कुजबुजत होते. मुलगा तर दार लावतानासुद्धा श्वास रोखून उभा. सुनेने धाकट्याला कुशीत घेतलं. तो अंधारात डोळे टक्क उघडे ठेवून पडला, आणि मग जे रडायला लागला ते चार वाजेपर्यंत. संध्याकाळचं मी सांगत नाही.

शनिवारी सकाळी चार भिंती म्हणतात त्या टेकडीवरच्या स्मारकाशी गेलो. तेवढी एकच गोष्ट, तक्त्यातल्यासारखी. थोरली पायऱ्या मोजत चढली, सातानंतर पुन्हा तीन म्हणाली. वरून सगळं गाव दिसतं. मला आमच्या घराचं छप्पर कुठे असेल ते शोधायचं होतं, पण परदेशी बाईने ते कशाला शोधावं म्हणून मी किल्ल्याकडे बघत बसले. घाई नव्हती. खाली जाऊन काय करायचं आहे, असं कुणी विचारत नव्हतं. तेव्हा मला त्या कोऱ्या चौकोनाची थोडी चव कळली.

दुपारी एकला पुन्हा पडदे, पुन्हा कुजबुज, पुन्हा रडणं. सून पलंगाच्या कडेला फोन हातात घेऊन बसली. "उद्याची वाट बघण्यात अर्थ आहे का?" ती मुलाला म्हणाली. मी धाकट्याला उचललं आणि जरा फिरवून आणते म्हणून बाहेर पडले.

खरं सांगते, मी ठरवून गेले नाही. ऊन होतं म्हणून डोक्यावर पदर घेतला, रिक्षात बसले, राजवाड्याशी उतरले. भाजीवाल्यांच्या सावलीने चालत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"वन्सं."

मी चालतच राहिले.

"वन्सं, पदर घेतला म्हणून चाल बदलत नाही हो माणसाची."

वहिनीच. हातात गवारीची पिशवी. त्यांनी आधी मला बघितलं, मग धाकट्याला, मग माझ्या मागे कुणी आहे का ते.

"कधी आलात?"

"काल."

"काल. आणि उतरलात कुठे?"

मी हॉटेलचं नाव सांगितलं. वहिनींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बरं झालं. आमच्याकडे काय, चादरी बदलत नाही आम्ही रोज."

घरी जाईपर्यंत मी सगळं सांगितलं. मलेशिया, तालीम, कडी, रविवार. त्यांना फक्त झोळी ऐकू आली. "एवढंच ना? माजघरात कडी आहे, लुगडं आहे. आत्ता बांधते."

"नको वहिनी. मी परदेशात आहे."

"वन्सं, ऊन लागलंय तुम्हाला. पाणी प्या."

भाऊ आतल्या खोलीत पडला होता. वहिनींनी माजघरात चटई टाकली, परात घेतली आणि गवार मोडायला बसल्या. मी धाकट्याला शेजारी चटईवर सोडलं. रडून रडून त्याचा चेहरा लाल झाला होता. आणि वहिनी सुरू झाल्या. न कळवता आलात हे एक. हॉटेलात उतरलात हे दुसरं. भाच्याच्या लग्नात मी मानाची साडी बदलून घेतली होती ते तिसरं. तिथून त्या माझ्या आईच्या वेळच्या गोष्टींवर गेल्या. आवाज चढवून नाही, गवारीच्या प्रत्येक शेंगेमागे एक वाक्य, असं संथ. मीही मधून मधून "अहो पण वहिनी" म्हणत होते, आणि एक-दोन जुने हिशेब मीही काढले. मग दोघी त्याच विषयावरून हसायला लागलो.

बघते तर धाकटा झोपलेला. चटईवर, उघड्यावर, दारातून ऊन येतंय, पंख्याचा खडखडाट चाललाय, आणि हा पालथा पडून गाढ.

मी वहिनींना खूण केली. त्या गप्प झाल्या. माजघर शांत झालं तसा त्याने पाय हलवला, डोकं उचललं. मी घाईने म्हटलं, "वहिनी, बोला."

"काय बोलू?"

"तेच. मानाच्या साडीचं."

त्या बोलायला लागल्या आणि त्याचं डोकं खाली गेलं. मला इतकं नवल वाटलं की मी पुन्हा एकदा करून पाहिलं. गप्प बसलो की चुळबूळ. बोलायला लागलो की झोप. वहिनी म्हणाल्या, "माझ्या बोलण्याने माणसं झोपतात हे तुमच्या भावाकडून ऐकलं होतं. आज पाहिलं."

तिथे बसल्या बसल्या मला घरची दुपार दिसली. मी झोळीची दोरी ओढत असते आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईंशी बोलत असते. त्या नसल्या तर फोनवर बहिणीशी. तीही नसली तर एकटीच, भाजी महाग झाली, नळाला पाणी कमी आलं, असं काहीबाही. झोळीतल्या बाळाला अंगाई मी कधी म्हटलीच नाही. सगळे त्याच्या झोपेचं कारण कापड, झोका, अंधार यातच शोधत होते, आणि मीही तेच करत होते. तो पोरगा कापडाच्या आत बसून रोज घरातलं बोलणं ऐकत झोपत होता. हॉटेलात आम्ही सगळ्यांनी तोंडं बंद केली, तेव्हा त्याला वाटलं असेल, माणसं गेली कुठे?

फोन करून मुलाला आणि सुनेला बोलावलं. थोरलीला घेऊन ते आले तेव्हा धाकटा झोपलेलाच होता आणि वहिनी अजून बोलत होत्या, विषय आता त्यांच्या कंबरेवर आला होता. सुनेने चटईशी बसून त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. मी तिला कारण सांगितलं. ती म्हणाली, "पण आई, मग हे तुम्हालाच करावं लागणार. तिथे रोज दुपारी तुम्ही बोलत बसायचं, आणि मी आराम करायचा? त्यासाठी नाही नेत आहे मी तुम्हाला."

"मला बोलायचे कष्ट पडत नाहीत गं."

"तरीही. मला जमलं पाहिजे. उद्या मी बघते."

रविवारी हॉटेलवाल्यांकडून दुपारपर्यंत खोली मागून घेतली. मुलगा थोरलीला घेऊन पेढे आणायला गेला. पडदे उघडेच ठेवले. सून धाकट्याजवळ आडवी झाली आणि तिने गोष्ट सुरू केली, सशाची, आवाज बारीक-मोठा करून. तो टुणकन उठून बसला. त्याला ससा बघायचा होता.

मी खिडकीपाशी खुर्चीत होते. म्हटलं, "गोष्ट नको. आपलं नेहमीचं बोल."

"नेहमीचं काय?"

"दवाखान्यात काय झालं, काल काय झालं. त्याच्याशी नको बोलूस, माझ्याशी बोल."

पंख्याकडे बघत ती हळूहळू सांगायला लागली. तिच्याकडे एक आजोबा येतात, शिराळ्याकडचे. ऑपरेशन झालंय, गुडघा बरा आहे, पण पाऊल टाकायला भितात. तिने नाना उपाय केले. शेवटी तिला कळलं की त्यांना कुणी समोर उभं राहून "या, या" म्हटलेलं आवडत नाही, लहान मूल समजतात असं वाटतं. मग ती त्यांच्या बाजूने नुसती चालायला लागली, दुसरीकडे बघत. मी विचारत गेले, ती सांगत गेली. मध्येच ती म्हणाली, "आई, मी तो लाकडी पलंग का आणला होता माहीत आहे?"

मी म्हटलं, "हल्ली सगळे आणतात म्हणून."

"नाही. पलंगात तो दिसतो. झोळीत कापड मिटतं, श्वास दिसत नाही. मी दवाखान्यातून दुपारी फोन करायचे ना तुम्हाला, तो जेवला का विचारायला? मला ते विचारायचं नसायचं. तुम्ही आत बघितलंत का, एवढंच हवं असायचं. ते कसं विचारणार?"

मी एवढंच म्हटलं, "मी बघायचे गं. दोरी ओढताना दर थोड्या वेळाने कापड बाजूला करायचे."

"हो का," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

धाकटा केव्हाच झोपला होता. तोंड उघडं, एक हात तिच्या बांगड्यांवर. मला दिसत होतं, तिला नाही, कारण ती माझ्याकडे तोंड करून बोलत होती. मी सांगितलं नाही. आपण बोलत असताना समोरचं माणूस ऐकतंय असं तिला किती दिवसांनी वाटत असेल, असं मनात आलं.

मग तिचं लक्ष गेलं. ती निजल्या निजल्याच गप्प झाली, त्याची छाती वर-खाली होताना बघत राहिली. हात लांब करून उशाचा फोन घेतला. रद्द करण्याची आठवण तिने संध्याकाळची लावून ठेवली होती. ती मला दाखवली आणि काढून टाकली.

शांत झालं तसा धाकट्याने पाय झटकला.

"हं, तर ते आजोबा," सून माझ्याकडे वळून म्हणाली, "परवा काय झालं, ते दारापर्यंत चालत गेले आणि तिथे उभे राहून मलाच म्हणाले, पोरी, दमलीस का?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं आणि खुर्ची जरा पुढे ओढली.